थूर बॅलिली : बर्क घराण्याच्या मनोऱ्यापासून येट्स कुटुंबाच्या घरापर्यंत

धागाकर्ता : ओसरी

आयर्लंडच्या पश्चिमेस गॉलवे परगण्यात गॉर्ट हे बाजाराचे गाव आहे. तेथून ईशान्येला सहा-सात किलोमीटरवर, एका लहान नदीच्या अगदी काठाला भिडून उभा असलेला चार मजली चौकोनी दगडी मनोरा दिसतो. त्याच्या अंगालाच बैठे कॉटेज आहे आणि शेजारून दगडी पूल जातो. हाच थूर बॅलिली. कवी विल्यम बटलर येट्स यांनी हा मनोरा विकत घेऊन राहता केला, एवढे इंग्रजी साहित्याच्या वाचकांना ठाऊक असते. या धाग्यात मात्र कवितेपेक्षा घराविषयी लिहायचे आहे, कारण या घराच्या इतिहासात गवंडी, सुतार, लोहार, घरची कर्ती स्त्री आणि दाराशी वाहणारी नदी यांचा वाटा कवीच्या वाट्यापेक्षा कमी नाही, असे माझे मत आहे.

प्रथम या प्रकारच्या वास्तूंविषयी. आयर्लंडमध्ये पंधराव्या ते सतराव्या शतकांदरम्यान असे सुमारे ३,००० मनोरे बांधले गेले असे मानले जाते, आणि अभ्यासक त्यांना टॉवर हाउस म्हणतात. राजाचे सैन्य ठेवण्यासाठी बांधलेले हे किल्ले नव्हेत. गेलिक टोळीप्रमुख, जुनी अँग्लो-नॉर्मन घराणी, मध्यम ऐपतीचे जमीनदार, इतकेच काय शहरांतील व्यापारीसुद्धा असे मनोरे स्वतःच्या कुटुंबासाठी बांधत. १४२९ साली इंग्लंडच्या सहाव्या हेन्रीच्या कारकिर्दीत झालेल्या एका कायद्यानुसार डब्लिन, मीथ, किल्डेअर आणि लाउथ या परगण्यांतील जो राजनिष्ठ प्रजाजन दहा वर्षांच्या आत २० फूट लांब, १६ फूट रुंद आणि ४० फूट उंच मनोरा बांधील त्याला १० पौंड अनुदान मिळणार होते. पश्चिमेकडील मनोऱ्यांना हे अनुदान लागू नव्हते, तरीही तेथे ते पूर्वेपेक्षा कमी बांधले गेले नाहीत. ज्या मुलखात शेजाऱ्याची गुरे पळवून नेणे हा नित्याचा व्यवहार होता, तेथे मजबूत दार, जाड भिंत आणि वरून टेहळणीची सोय ही श्रीमंती नव्हती, गरज होती.

या मनोऱ्यांची रचना उभी असते. आपल्याकडील वाड्यात माजघर, स्वयंपाकघर, देवघर एका पातळीवर चौकाभोवती पसरतात, तर येथे तोच संसार एकावर एक चढवलेला असतो. तळमजल्यावर अंधारे कोठार, त्याच्या वर दगडी घुमट, मधल्या मजल्यांवर निजण्याच्या खोल्या आणि पुष्कळदा सर्वांत वर, जेथे मोठ्या खिडक्या ठेवणे सुरक्षित असे तेथे, बैठकीचे दालन. प्रवेशद्वारातून आत आल्यावर लहानशी देवडी लागते आणि तिच्या छताला एक चौकोनी भोक असते. दार फोडून कोणी आत शिरलाच, तर वरच्या मजल्यावरून त्याच्या डोक्यात दगड घालण्याची ही तजवीज होती. शौचकूप भिंतीच्या जाडीतच कोरलेले असत आणि त्यांची नाळ बाहेरच्या अंगाला खाली उतरे.

बॅलिलीचा मनोरा द बर्गो, म्हणजेच पुढे बर्क म्हणून ओळखल्या गेलेल्या घराण्याचा. १५८५ च्या सरकारी नोंदीत तो इस्लँडमोर कॅसल या नावाने येतो. चारही मजल्यांवर प्रत्येकी एकच खोली आहे आणि त्यांना जोडणारा चक्री जिना सुमारे सात फूट जाडीच्या भिंतीच्या पोटातून वर जातो. सतराव्या शतकातील युद्धांनंतर आणि इंग्रज सेनानी क्रॉमवेलच्या जमीनजप्तीनंतर अशा असंख्य मनोऱ्यांतील नांदती कुटुंबे उठली. काही मनोरे गोठे झाले, काहींचे दगड शेताच्या बांधांना लागले. बॅलिली पुढे जवळच्या कूल येथील ग्रेगरी घराण्याच्या इस्टेटीत आला आणि त्याच्या पायथ्याशी शेतकरी कुटुंबे राहू लागली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आंधळा लोककवी राफ्टरी याने या वस्तीतल्या मेरी हाइन्सच्या रूपाची गाणी रचली. ती गाणी म्हातारी माणसे अजून म्हणत असल्याचे येट्स यांनी १८९९ मध्ये लिहिले आहे. म्हणजे विकत घेण्याच्या पुष्कळ आधी हा मनोरा त्यांच्या मनात भरला होता.

खरेदीची संधी जमीनसुधारणेमुळे आली. काँजेस्टेड डिस्ट्रिक्ट्स बोर्ड ही १८९१ मध्ये स्थापन झालेली सरकारी संस्था जमीनदारांच्या इस्टेटी विकत घेऊन त्या कुळांना वाटून देत असे. ग्रेगरी इस्टेटीतील बॅलिलीचा भाग बोर्डाकडे गेला, पण वाटपात पडक्या मनोऱ्याचा कोणाला काय उपयोग? १९१६ मध्ये बोलणी सुरू झाली आणि १९१७ मध्ये मनोरा कॉटेजसह येट्स यांना ३५ पौंडांत मिळाला. त्याच वर्षी २० ऑक्टोबरला त्यांचे जॉर्जी हाइड-लीस यांच्याशी लग्न झाले. पत्नीला येट्स जॉर्ज म्हणत. तेव्हा येट्स ५२ वर्षांचे होते आणि त्या २५ वर्षांच्या.

दुरुस्तीचे आराखडे डब्लिनमधील वास्तुविशारद विल्यम स्कॉट यांनी केले. महायुद्ध चालू असल्याने बाहेरून माल येत नव्हता, आणि या अडचणीने घराचे भलेच झाले. येट्स दाम्पत्याने एका जुन्या गिरणीतील लाकूडफाटा आणि फरशा एकगठ्ठा विकत घेतल्या. त्यात जाड तुळया होत्या, तीन इंची फळ्या होत्या आणि पायाखाली घालायच्या जुन्या दगडी लाद्या होत्या. सुतार आणि गवंडी परिसरातलेच, लोहारकाम गॉर्टच्या भट्टीतले. स्कॉट यांनी पलंग आणि इतर लाकडी सामानसुद्धा या घरासाठी वेगळे रेखाटून दिले. १९१८ च्या उन्हाळ्यात पतिपत्नी जवळच्या बॅलिनामँटेन हाउसमध्ये राहून कामावर लक्ष ठेवत होती. १९१९ च्या उन्हाळ्यात, त्याच वर्षी फेब्रुवारीत जन्मलेल्या ॲनला घेऊन, कुटुंब प्रथम येथे राहायला आले. वरचे मजले तेव्हा राहण्याजोगे नव्हते, त्यामुळे कॉटेजचा मोठा आधार होता. पुढच्या वर्षी येट्स अमेरिकेत व्याख्यानांच्या दौऱ्यावर गेले, त्याचे एक उघड कारण मनोऱ्याच्या छपराचा खर्च हेच होते.

प्रतिसाद : चुनखडी

लेख आवडला. इमारतींच्या दुरुस्तीशी माझा व्यवसायाने संबंध असल्यामुळे दोन गोष्टींची भर घालतो.

पश्चिम आयर्लंडमधील टॉवर हाउसच्या तळमजल्याच्या घुमटाकडे मान वर करून पाहिले की चुन्यात उमटलेली टोपलीच्या विणीसारखी नक्षी दिसते. ती सजावट नव्हे. घुमट बांधताना खाली लाकडी आधार देऊन त्यावर विलो किंवा हेझल या झाडांच्या फोकांच्या चटया वाकवून पसरत, त्यावर चुन्याचा थर देत आणि मग दगड बसवत. चुना घट्ट झाल्यावर आधार काढून घेत. चटया निघाल्या किंवा कुजून गेल्या, पण त्यांचा ठसा राहिला. काही ठिकाणी फोकांचे तुकडे अजून चुन्यात अडकलेले सापडतात.

दुसरी गोष्ट ओलीची. दोन मीटर जाडीची भिंत म्हणजे बाहेरून आतपर्यंत सलग दगड नसतो. दोन्ही अंगांना घडीव किंवा निवडक दगडांचे थर असतात आणि पोटात दगडगोट्यांची व चुन्याची भर असते. अशी भिंत पावसाळी महिन्यांत पाणी पिते आणि वारा-उन्हाच्या दिवसांत ते सोडते. वरून सिमेंटचा गिलावा केला की पाण्याची बाहेर पडण्याची वाट बंद होते आणि ते घरात उतरते. आयर्लंडमध्ये असे मनोरे राहते करणाऱ्यांना हा धडा पुष्कळदा महागात पडलेला आहे. शिवाय मनोरा सतत राहता नसेल, चुलीत रोज आग नसेल, तर भिंत कोरडी होण्याची संधीच मिळत नाही. येट्स यांचे छप्पर शेवटी कसले झाले?

चक्री जिना उजवीकडे वळत का चढतो, यावर वरून लढणाऱ्याला उजव्या हाताने तलवार चालवता यावी असे उत्तर सर्व मार्गदर्शक देतात. अलीकडचे अनेक इतिहासकार ते मान्य करत नाहीत, हेही नोंदवून ठेवतो.

प्रतिसाद : ओसरी

स्कॉट यांच्या मनात उतरत्या धाटणीचे, हिरवट पाटीच्या दगडाचे छप्पर होते आणि येट्स यांनी या वास्तूसाठी रचलेल्या शिलालेखाच्या ओळींत त्या समुद्रहिरव्या पाट्यांचा उल्लेखही आहे. मनोऱ्यावर ते छप्पर मात्र चढले नाही. सपाट काँक्रीटच्या गच्चीवरच काम भागवले गेले. स्कॉट १९२१ मध्येच वारले. कवितेतील घर आणि प्रत्यक्षातील घर यांच्यात पडलेले हे अंतर मला महत्त्वाचे वाटते, कारण वाचक बहुधा शिलालेखालाच बांधकामाचा दाखला समजतात.

प्रतिसाद : पारवा

माहिती उत्तम आहे, पण शीर्षकातील ‘येट्स कुटुंबाच्या घरापर्यंत’ हे मला पटत नाही. १९१९ ते १९२९ या काळातील काही उन्हाळे, तेही मध्ये मध्ये खंडित. आयरिश स्वातंत्र्ययुद्धामुळे १९२० आणि १९२१ मध्ये त्या भागात राहणे धोक्याचे झाले होते. १९२२ पासून कुटुंबाचे खरे बिऱ्हाड डब्लिनच्या मेरियन स्क्वेअरमध्ये होते. नोबेल पारितोषिकाची बातमी १९२३ मध्ये आली तीही तेथेच. मग बॅलिलीला घर म्हणायचे की उन्हाळी मुक्काम?

तुलनेसाठी त्याच परगण्यातील दोन शेजारी वास्तू पाहाव्यात. टुलिरा येथे मार्टिन घराण्याने जुना मनोरा तसाच ठेवून त्याला लागून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गॉथिक धाटणीची मोठी हवेली उभारली. राहायचे हवेलीत आणि मनोरा प्रतिष्ठेसाठी, असा तो हिशेब. नाटककार एडवर्ड मार्टिन यांच्या याच घरी १८९६ मध्ये येट्स पाहुणे होते. दुसरी वास्तू किनव्हाराच्या खाडीवरील डनग्वायर. सोळाव्या शतकात हाइन्स घराण्याने ती बांधली असे मानतात. १९२४ मध्ये डॉक्टर आणि लेखक ऑलिव्हर सेंट जॉन गोगार्टी यांनी ती विकत घेतली आणि १९५४ नंतर लेडी ॲम्पथिल यांनी दुरुस्ती पुरी करून तेथे वास्तव्य केले.

आणि खऱ्या अर्थाने राहता मनोरा पाहायचा तर वेस्ट कॉर्कमधील किलको. मॅकार्थी घराण्याच्या या मनोऱ्याने किन्सेलच्या लढाईत इंग्रजांकडून गेलिक सरदारांचा पराभव झाल्यानंतरही १६०३ पर्यंत दम धरला होता. १९९८ मध्ये अभिनेते जेरेमी आयर्न्स यांनी तो विकत घेतला आणि सुमारे सहा वर्षे खपून राहता केला. बाहेरून दिलेल्या पिवळसर-केशरी रंगावरून बराच गहजब झाला होता. करड्या दगडाची सवय झालेल्या डोळ्यांना तो खुपला, परंतु मध्ययुगात हे मनोरे चुन्याचा गिलावा करून रंगवलेलेच असत, असे जाणकार सांगतात.

प्रतिसाद : ओसरी

पारवा, आक्षेप योग्य जागी आहे, तरी मी शीर्षक बदलणार नाही. उन्हाळी मुक्कामाला मनुष्य सामान घेऊन येतो आणि परत नेतो. येथे पलंग जागेवर बसतील असे घडवले, मुलांना येथे वाढवले. मुलगा मायकेल १९२१ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमध्ये जन्मला आणि पुढच्याच वसंतात त्याला येथे आणले. ज्या ठिकाणी यादवी युद्धाचे महिने तान्ह्या मुलासह काढले, ते ठिकाण घर नव्हे असे कसे म्हणता येईल?

१९२२ ची हकीकत या घराच्या इतिहासात सर्वांत जवळून दिसणारी आहे. ब्रिटनशी झालेला अँग्लो-आयरिश तह मान्य करणारे नवे सरकार आणि त्याचे विरोधक यांच्यात युद्ध पेटले होते, रस्ते झाडे पाडून अडवले होते, रेल्वे बंद होती, वर्तमानपत्रे येत नव्हती. ऑगस्टमध्ये एका रात्री तहविरोधी सैनिकांची तुकडी आली आणि दारासमोरचा पूल उडवणार असल्याचे तिने घरात येऊन सांगितले. कोणी बाहेर पडू नये अशी ताकीद होती, पण वागणे सभ्य होते. स्फोट झाल्यावर जाताना त्यांनी जणू हा पूल आपल्याला भेट मिळाल्याप्रमाणे आभार मानून शुभरात्री म्हटले, असे येट्स यांनी नंतर नमूद केले आहे. पुलाचे दगड नदीत कोसळून पाणी तुंबले आणि ते तळमजल्यात शिरले. त्याच महिन्यांत खिडकीशेजारच्या भिंतीच्या भेगेत साळुंकीच्या जातीच्या पक्ष्याने घरटे केले होते आणि ते यादवी युद्धावरील त्यांच्या कवितामालिकेत आले. भिंत सैल झाल्याची ती खूण, चुनखडी यांनी सांगितलेल्या अर्थानेही, घ्यायला हरकत नाही.

प्रतिसाद : मेघडंबरी

जॉर्ज येट्स यांच्याविषयी आणखी लिहावे. या प्रकारच्या लेखांत गृहिणीचा उल्लेख ‘त्यांच्या पत्नीसाठी मनोरा दुरुस्त केला’ एवढ्यावर संपतो. वीज नाही, नळ नाही, सामान आणायचे तर गॉर्टपर्यंत जायचे, एक जेवण तळमजल्यावरून वरच्या खोलीत न्यायचे तर अरुंद दगडी जिन्याच्या पायऱ्या, आणि दोन लहान मुले. आयर्लंडच्या ग्रामीण भागातील विजेची सरकारी योजना १९४६ नंतर सुरू झाली. म्हणजे त्यांच्या संपूर्ण वास्तव्यात उजेड तेलाच्या दिव्यांचा आणि मेणबत्त्यांचाच होता.

प्रतिसाद : ओसरी

मेघडंबरी यांच्याशी पूर्ण सहमत आहे. येट्स यांना व्यवहाराची फारशी दृष्टी नव्हती. घर चालते ठेवण्याचा भार जॉर्ज यांनी वाहिला आणि कामगारांवरील देखरेखीत कूलहून येट्स यांच्या स्नेही, लेखिका लेडी ग्रेगरी यांची मदत होई. येट्स तळमजल्याच्या किंवा पहिल्या मजल्याच्या खोलीत बसून लिहीत, आणि १९२८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द टॉवर’ या संग्रहाच्या मुखपृष्ठावर कवी-चित्रकार टी. स्टर्ज मूर यांनी पाण्यात प्रतिबिंबित झालेला हाच मनोरा काढला. ज्या पाण्याने मुखपृष्ठाला शोभा आणली त्यानेच दर हिवाळ्यात जेवणाची खोली भिजवली, आणि ती उपसून कोरडी करणे कवीच्या वाट्याला येत नसे.

प्रतिसाद : सांगाती

स्टर्ज मूर यांचे नाव निघाले म्हणून सांगतो. मराठी वाचकांशी असलेला एक खरा दुवा त्यांच्यामुळेच जुळला. अमरावतीजवळील बडनेऱ्याचे श्री पुरोहित स्वामी यांची आणि येट्स यांची भेट १९३१ मध्ये स्टर्ज मूर यांच्याद्वारे झाली. स्वामींचे गुरू भगवान श्री हंस यांनी मराठीत लिहिलेल्या कैलास-मानसरोवर यात्रेच्या वृत्तान्ताचा स्वामींनी इंग्रजी अनुवाद केला आणि १९३४ मध्ये तो येट्स यांच्या प्रस्तावनेसह आला. पुढे दोघांनी मायोर्का बेटावर बसून दहा उपनिषदांचे इंग्रजी भाषांतर केले, ते १९३७ मध्ये प्रसिद्ध झाले. अर्थात हे सर्व बॅलिली सोडल्यानंतरचे आहे. स्वामी मनोऱ्यात राहून गेले, असे कोठे वाचले तर त्यावर विश्वास ठेवू नये.

प्रतिसाद : चुनखडी

नदीचा विषय अर्धवट राहू नये. गॉर्टच्या सखल प्रदेशात खाली चुनखडीचा खडक आहे आणि पाण्याने तो आतून पोखरलेला आहे. त्यामुळे तेथील नद्या काही अंतर जमिनीवर वाहतात, एखाद्या विवरात उतरतात, भूगर्भातून जातात आणि पुन्हा वर येतात. बॅलिलीवरून गेलेले पाणी असेच जमिनीखाली जाऊन कूलच्या सरोवरात पोचते आणि शेवटी किनव्हाराच्या किनाऱ्यावर, भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या झऱ्यांतून समुद्राला मिळते. भुयारांची वहनक्षमता ठरावीक असते. पाऊस त्याहून जास्त झाला की पाणी मागे चढते, कुरणांतून वर येते आणि आठवडेच्या आठवडे हटत नाही. अशी हंगामी तळी तेथे टर्लख म्हणून ओळखली जातात. म्हणजे बॅलिलीचा पूर हा केवळ काठ ओलांडून आलेला लोंढा नसतो, आणि बांध घालून तो थोपवताही येत नाही. बर्क घराण्याने तळमजला कोठारासाठी ठेवला होता. येट्स कुटुंबाने तेथे जेवणाची खोली केली. या एका बदलात त्यांच्या अडचणींचे मूळ आहे, असे मला वाटते.

प्रतिसाद : पारवा

हा मुद्दा मान्य. १९२९ नंतरचे काय झाले ते लिहून धागा पूर्ण करावा.

प्रतिसाद : ओसरी

१९२७ पासून येट्स यांच्या फुप्फुसांचा आजार बळावला, डॉक्टर उबदार हवेचा आग्रह धरू लागले आणि ओल धरलेल्या दगडी खोल्यांत राहणे अशक्य झाले. १९२९ नंतर कुटुंब येथे राहायला आले नाही. १९३२ मध्ये लेडी ग्रेगरी वारल्या आणि कूलचे घर १९४१ मध्ये पाडून दगड विकले गेले. मनोऱ्याला मात्र पाडणारे कोणी भेटले नाही. त्यात गुरे शिरली, लाकूड कुजले आणि शिलालेखाच्या शेवटच्या ओळीत वर्तवलेली पडझड कवीच्या हयातीनंतर थोड्याच वर्षांत खरी झाली. ही ओळ लिहिताना त्यांना इतकी घाई अपेक्षित नसावी.

१९६१ मध्ये मेरी हॅन्ली यांनी किल्टार्टन सोसायटी स्थापन केली, येट्स कुटुंबाने सहकार्य केले आणि पर्यटन मंडळाच्या मदतीने दुरुस्ती होऊन जन्मशताब्दीच्या वर्षी, जून १९६५ मध्ये, आयरिश कवी पॅड्रिक कोलम यांच्या हस्ते मनोरा लोकांसाठी खुला झाला. जॉर्ज तेव्हा हयात होत्या, त्या १९६८ मध्ये वारल्या. ॲन पुढे चित्रकार झाल्या आणि मायकेल राजकारणात जाऊन सिनेटर झाले.

नदीने पाठ सोडली नाही. २००९ च्या नोव्हेंबरमधील पुराने तळमजला आणि कॉटेज यांचे इतके नुकसान केले की वास्तू काही वर्षे बंद राहिली. स्थानिक लोकांनी संस्था स्थापून ती चालवायला घेतली आणि १३ जून २०१५ रोजी, येट्स यांच्या दीडशेव्या जन्मदिनी, दार पुन्हा उघडले. त्याच हिवाळ्यात पाणी परत आत आले. तेव्हापासून पुन्हा उपसा, पुन्हा रंगरंगोटी, आणि उन्हाळ्यात दर्शकांसाठी दार उघडे, हा क्रम चालू आहे. जाणार असाल तर हंगाम आणि पाण्याची स्थिती आधी पाहून घ्यावी. गॉर्टहून शेवटचा रस्ता अरुंद आहे, समोरून ट्रॅक्टर आला तर एकाला मागे जावे लागते. जिन्याच्या पायऱ्या झिजलेल्या आणि ओलसर असतात, म्हणून घट्ट पकड असलेले बूट घालावेत. गच्चीवर जाऊ दिले तर नदी कोठून येते आणि पूल कसा आहे हे वरून नीट पाहावे.